गार होईपर्यंत थांबते

मी एका छोट्या पिकअप गाडीचं इंजिन बोलतोय. गाडी सगळ्यांना दिसते, मी मात्र बॉनेटखालच्या तेलकट अंधारात. माणसं भाळतात गाडीच्या रंगावर, आणि पुढे संसार करायचा असतो माझ्याशी!

माझा जन्म कारखान्यातला. पहिल्यांदा मला चालू केलं तेव्हा एका कामगाराने मान तिरकी करून ऐकलं, "लागला सूर," असं पुटपुटला आणि माझ्या अंगावर खडूने खूण केली. कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मग मला मालक भेटले. ते टाइल्स आणि सिमेंटची पोती वाहायचे. माणूस बोलायला फटकळ, पण हात हलका. चढ आला की वेळेवर खालचा गियर टाकायचे. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना खिडकीतून म्हणायचे, "घाई असेल तर उडून जा!" आणि मला म्हणायचे, "तू तुझ्या चालीने चल रे गड्या."

एका सकाळी दात घासता घासता मालक खाली बसले, ते उठलेच नाहीत. जीव वाचला, पण डावं अंग लुळं पडलं. गाडी घरासमोर उभी राहिली. मालकीणबाईंना गाडी चालवता येत नाही, पण किल्ली फिरवायला त्या शिकल्या. रोज सकाळी थोडा वेळ मला चालू ठेवायच्या आणि मालक खिडकीशेजारच्या पलंगावर डोळे मिटून ऐकत पडायचे.

"आज आवाज जरा जड वाटतोय," ते म्हणायचे.

"तुमचे कान जड झालेत," त्या म्हणायच्या, आणि आणखी थोडा वेळ चालू ठेवायच्या.

पुढे मुलीने दोघांना आपल्याकडे राहायला बोलावलं. तिचं घर टेकडीवरच्या वस्तीत. गल्ली इतकी अरुंद की गाडी रोज उभी करायला जागाच नाही. मला विकायचं ठरलं.

पहिलं गिऱ्हाईक सकाळीच आलं. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "आधीच तापवून ठेवलंय की! म्हणजे थंडपणी चालू होत नाही, असंच ना?" दुसरा आला, तोही तेच बोलून गेला. तापलेलं इंजिन लगेच चालू होतं आणि आपली दुखणी झाकतं, हे खरेदीला निघालेल्या शहाण्या माणसाला ठाऊक असतं. त्यांचं काही चुकलं नाही. पण मालकीणबाई नुसत्या लालबुंद होऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचा लाड परक्या माणसाला कसा समजावून सांगायचा? मला बोलता आलं असतं तर!

तिसरी आली काचवाली ताई, धाकट्या भावाला घेऊन. तिचं खिडक्यांच्या काचांचं दुकान. आधीची गाडी भर चढावर बंद पडून मागे घसरली होती, सगळ्या काचांचा चुरा झाला होता. तेव्हापासून चढ दिसला की ती लांबच्या सपाट रस्त्याने वळसा घालायची.

भाऊ म्हणाला, "ताई, सीट बघ, नवीकोरी!"

"सीटवर बसून तूच ढकलणार आहेस का गाडी?" ताईने बॉनेटवर हात ठेवला. मी गरम. माझा धीर सुटला.

ती म्हणाली, "असू दे. गार होईपर्यंत थांबते मी."

आणि खरंच थांबली. मालकीणबाईंनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. बसल्या बसल्या ताईने सहज विचारलं, "सकाळी कुठे बाहेर गेला होतात का?" तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून खरं कारण निघालं. ताईने खिडकीकडे पाहिलं. आत मालक झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते.

मी पुरता गार झालो, मग तिने माझी तपासणी केली. तेलाची पट्टी पुसून पाहिली, झाकण उघडून तेलात पाणी मिसळलंय का ते पाहिलं. किल्ली फिरवली. मी जरा खोकलो आणि चालू झालो. भावाला तिने मागे धूर बघायला पिटाळलं. धूर फारसा नव्हता.

"ठीक आहे. पण रिकामी गाडी काय, कोणीही पळवेल. ओझं घेऊन चढ चढला पाहिजे."

"ओझं ना?" मालकीणबाई म्हणाल्या. "लेकीकडे न्यायचं सामान बांधून तयारच आहे. टेकडीवरच जायचंय."

भावाने कुरकुरत कपाट चढवलं, पेट्या चढवल्या. मग खिडकीतून आवाज आला, "मला पण घ्या." बहीणभावाने उचलून मालकांना पुढच्या सीटवर बसवलं. ताई चालवायला बसली, मालकीणबाई आणि भाऊ मागे सामान धरून बसले.

चढ सुरू झाला. अर्ध्या वाटेत मी धापा टाकू लागलो, तसा ताईचा हात गियरच्या दांड्यावर थिजला. तेवढ्यात तिच्या हातावर मालकांचा चांगला हात आला.

"क्लच दाब, पोरी. घाबरू नको. बास... आता सोड."

तिने क्लच दाबला, त्यांनी गियर टाकला. एक पाय तिचा, एक हात त्यांचा! किती दिवसांनी मला तो हात कळला. जीव खाऊन मी ओढलं. न थांबता आम्ही वर पोचलो.

"ती मागे आहे तोवर सांगतो," मालक हळूच म्हणाले. "हा थोडं तेल पितो. मधूनमधून वरून घालावं लागेल. तिला सांगू नकोस मी बोललो ते. गिऱ्हाईक जाईल म्हणून तिला धास्ती वाटते."

सामान उतरवताना मालकीणबाईंनी भावाला बॉनेटपाशी गाठलं. "हे बघ, इंजिन थोडं तेल खातं. ह्यांना कळू देऊ नकोस हं, त्याला नावं ठेवलेली ह्यांना खपत नाहीत."

बहीणभावाने कोपऱ्यात एकमेकांना सांगितलं आणि दोघं हसू दाबत राहिले. ताई म्हणाली, "एकच दोष दोघांनी चोरून सांगितलाय. म्हणजे आणखी काही लपवलेलं नसणार. घेऊ या."

आम्ही निघताना मालकीणबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, उद्यापासून सकाळी ऐकायचं काय?"

मालक म्हणाले, "तू बोल. इतकी वर्षं ह्याच्या आवाजात तुझं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही."

मालकीणबाईंनी त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली, पुन्हा एकदा केली.

आता मी काचा वाहतो. मध्ये एकदा मला खोलून तेल खाणं थांबवायला नव्या रिंगा बसवल्या, तेव्हापासून अंग हलकं वाटतं. म्हातारपण आहेच, थंडीत जागं व्हायला वेळ लागतो. माझ्यासारखं एखादं जुनं इंजिन बघायला गेलात, तर कसून तपासा, आम्हाला राग येत नाही. फक्त शंका आली की लगेच पाठ फिरवू नका. घटकाभर बसा, चार शब्द विचारा.

बरं, ताई किल्ली घेऊन आली. एका नव्या दवाखान्याच्या खिडक्या मागे उभ्या बांधल्यात, उन्हात नुसत्या लखलखताहेत. जपून न्यायच्या आहेत. येतो मी.