चार नंबरच्या खोलीतली खाट

मित्रांनो, मी घडीची खाट. जुनी आहे, पण भंगारात घालायची भाषा माझ्यासमोर करायची नाही. एका वेल्डिंगवाल्याने लोखंडी पाइप वाकवून मला केलं, वर जाड पट्टे विणले. पहिल्याच दिवशी मी त्याचं बोट चिमटवलं, त्याने मला लाथ घातली. तेव्हापासून मागचा एक पाय ढिला आहे.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागे एक तीन मजली घर आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेरगावहून आलेली माणसं तिथे महिना-दोन महिने राहतात. खोलीतला पलंग पेशंटचा. सोबतच्या माणसाला मी. झोपताना म्हणतात, "काय मजबूत आहे हो!" आणि सकाळी पायात आले की शिव्या. मग घडी करून दाराआड उभी. राग येतो, पण काम चोख. शंभर किलोचा माणूस पेललाय मी.

चार नंबरमध्ये एक रंगारी धाकट्या बहिणीला घेऊन आला. औषधांनी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप-सर्दीवालं कोणी हिच्याजवळ नको, जिवावर बेतेल. सोमवारी तिचा पुढचा डोस होता.

आणि गुरुवारी दादालाच ताप भरला. माझे पट्टे तापले, मला लगेच कळलं. पण गडी बोलेल तर शपथ! तोंडाला रुमाल बांधून भिंतीकडे वळून पडला. बहिणीने दोनदा हाक मारली. "झोपू दे," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी दुपारी तो इतका थरथरला की माझा ढिला पाय मुडपला. धाडकन दोघेही खाली! आवाज ऐकून पाच नंबरच्या मावशी चमचा हातात घेऊन धावत आल्या. त्यांचे मिस्टरही इथले पेशंट. दादाला उठवायला गेल्या आणि हात झटकन मागे घेतला.

"अरे, अंग आहे का तवा?"

"काही नाही मावशी. ऊन लागलंय."

"दोन दिवस खोलीबाहेर पडला नाहीस. ऊन काय नळातून आलं?"

"मी इथून गेलो तर हिला बघणार कोण?"

"आणि आम्ही काय इथे पत्ते कुटायला आलोय? ऊठ!"

इमारत सांभाळणाऱ्या काकांनी खालची खोली उघडली. दादा तिकडे, माझ्यासकट. मावशींनी चार नंबर घासूनपुसून काढली. रोज मास्क लावून, कोपरापर्यंत हात धुऊन बहिणीला जेवण दिलं.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, मला वाटलं तुला माझा कंटाळा आला."

"कंटाळा? वेडी आहेस का गं!"

फोन ठेवून तो पालथा झाला. माझे पट्टे भिजले. घाम आलाय, असं त्याने काकांना सांगितलं.

सोमवारी बहिणीला ताप नव्हता. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. डोस ठरल्या दिवशीच झाला.

तर मित्रांनो, माझा बोल्ट कोणीतरी घट्ट करा, एवढं मी हक्काने मागते. आणि आजारी माणसाला भेटायला गेलात की सोबतच्या माणसालाही विचारा, "तू बरा आहेस ना?" तो हो म्हणेल. त्या 'हो'वर जाऊ नका. जरा टेका त्याच्याजवळ. दोघांना पेलीन मी.