खाटेवरून खाली

मीराबाईंना राग आला की त्या भांडी आपटायच्या, आणि माया दाटून आली तरी भांडीच आपटायच्या. त्यामुळे घरात नक्की काय चाललंय याचा जनार्दनरावांना अडतीस वर्षांच्या संसारात कधी पत्ता लागला नव्हता. माणूस रेल्वेतला. बदलीनं जयपूरला आला, निवृत्त झाला, भुसावळला परत जाऊ जाऊ म्हणत प्रताप नगरातच घर घेऊन बसला. हिवाळ्यात सकाळचा चहा झाला की गच्चीवर नवारीची खाट टाकायची आणि जेवायची हाक येईपर्यंत उन्हात पडून राहायचं, एवढाच आता त्यांचा उद्योग.

संक्रांतीच्या सकाळीही ते तसेच पडले होते. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या. लाउडस्पीकर कोकलत होते, कुणाचा पतंग कटला की "वो काटा!" म्हणून गल्ली दणाणत होती. मीराबाई तिळाच्या लाडवांची ताटली घेऊन वर आल्या.

"घ्या, गरम आहेत तोवर. मग म्हणाल, दात हलले."

डोळे मिटलेलेच.

"झोपेचं सोंग पुरे झालं," असं म्हणत त्यांनी खांदा हलवला, तर मान एका बाजूला कलली. ओठ निळसर पडले होते. घशातून घर्र असा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा घर्र. ताटली हातातून सुटली आणि लाडू गच्चीभर गडगडले.

"अहो! अहो, उठा ना! असं काय करताय?"

शेजारच्या गच्चीवर प्रज्ञा कपडे वाळत घालत होती. नागपूरकडची, जंक्शनवर तिकीट खिडकीत नोकरीला. फाटकासमोर स्कूटर लावण्यावरून तिची न् मीराबाईंची महिनाभर बोलचाल बंद होती. पण ती हाक ऐकली आणि ओली चादर टाकून ती कमरेएवढी भिंत ओलांडून अलीकडे आली. तिनं जनार्दनरावांना जोरानं हलवलं, "काका! काका!" म्हणून ओरडली, वाकून छातीकडे पाहिलं.

"श्वास आहे गं, घोरताहेत," मीराबाई म्हणाल्या. "पाणी आणू? दोन घोट पाजते."

"पाणी नको. ते घोरणं नाही काकू, त्यांचं हृदय थांबलंय." प्रज्ञानं १०८ ला फोन लावला, घराचा पत्ता सांगितला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून भिंतीवर ठेवला. पलीकडच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्या चंदनला तिनं हाका मारून बोलावलं. मग म्हणाली, "यांना खाली घ्या. जमिनीवर."

मीराबाई नवऱ्याच्या अंगावर आडव्याच पडल्या.

"खबरदार! खाली घ्यायचं नाही!"

आता यात त्या बाईची काय चूक? वडिलांना खाली घेतलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. थोरल्या भावाला घेतलं. सासूबाईंच्या वेळी तर फरशी त्यांनीच पुसली होती आणि तोंडात तुळशीचं पान त्यांनीच ठेवलं होतं. माणसाला खाली घेतात ते शेवटचं, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. चंदन धावत आला खरा, पण तो जयपूरचाच, त्याच्याही घरी हीच रीत. तोही थबकला. "धरती पर, आंटीजी?" त्यानं हळूच विचारलं.

"बघा! त्यालासुद्धा कळतं!" मीराबाई ओरडल्या. "अगं, मेले नाहीत ते!"

"म्हणून तर खाली घ्यायचं आहे!" प्रज्ञाही ओरडली. "काकू, छाती दाबायला लागते. खाटेवर दाबलं तर सगळा जोर नवारीत जाईल, काकांपर्यंत पोचणारच नाही. मेलेला माणूस खाटेवर राहिला तरी काय बिघडतं? काका जगावेत म्हणून म्हणतेय मी. एकेक मिनिट चाललंय, काकू!"

मीराबाईंनी वर पाहिलं. पोरीचा आवाज खणखणीत होता, पण हात लटलट कापत होते. म्हणजे हीसुद्धा घाबरली आहे, आणि तरी हटत नाही. आपण धरून ठेवलं आणि त्यापायी हे गेले तर? त्या उठल्या आणि नवऱ्याच्या काखेत हात घातले.

"चंदन, पाय धर," त्या म्हणाल्या. "हळू रे. डोकं आपटेल."

तिघांनी मिळून त्यांना फरशीवर टेकवलं. टेकवताना मीराबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. चंदन अँब्युलन्सला रस्ता दाखवायला खाली पळाला. प्रज्ञानं छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवला आणि कोपर ताठ धरून दाबायला लागली. ऑफिसात तिला हे दोनदा शिकवलं होतं, पण रबराच्या पुतळ्यावर. पुतळ्याची हाडं मोडत नाहीत. इथं कट्‌कन आवाज आला.

"अगं, मोडलं काहीतरी!"

"मोडू द्या, जुळेल ते," प्रज्ञा म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.

दोन मिनिटांत ती घामानं निथळली. फोनवरचा माणूस हिंदीत सांगत होता, थकलात तर दुसऱ्यानं हात लावा, थांबू नका.

"काकू, आता तुम्ही."

"मी? मला कुठं येतं?"

"भाकरीचं पीठ मळता ना? तेवढा जोर लावा. फक्त सरळ खाली. आणि भरभर."

मीराबाई गुडघ्यांवर बसल्या. त्या गुडघ्यांनी दोन वर्षांत जमीन पाहिली नव्हती. त्यांनी हात ठेवले आणि दाबलं. "एक, दोन, तीन, चार... मला एकटीला टाकून कुठं निघालात हो... अकरा, बारा... एवढं रांधते, वाढते, कधी बरं म्हणालात का... वीस, एकवीस... आता एक शब्द बोला, काहीही बोला, शिव्या द्या..." आसवं टपटप त्यांच्याच हातांवर पडत होती, आणि हात थांबत नव्हते. मग प्रज्ञा, मग पुन्हा त्या.

अँब्युलन्सची माणसं जिन्यानं वर आली. त्यांनी छातीवर पट्ट्या चिकटवल्या, "हटिए" म्हणाले, मशीननं झटका दिला. पुन्हा दाबलं, पुन्हा झटका. मग एकानं गळ्यापाशी बोटं ठेवून नाडी पाहिली आणि मान डोलावली.

"चल रही है."

चौघांनी जनार्दनरावांना फरशीवरून उचललं. खाली घेतलेल्या माणसाला श्वास चालू असताना परत उचलतात, हे मीराबाई जन्मात पहिल्यांदा पाहत होत्या. प्रज्ञानं त्यांना कमरेत धरून जिन्यानं खाली आणलं.

पाचव्या दिवशी जनार्दनरावांना साध्या वॉर्डात हलवलं. हृदयाची बंद पडलेली नळी उघडून झाली होती. दोन बरगड्या मात्र तडकल्या होत्या.

"छाती फार दुखते गं," ते पुटपुटले. "कुणी एवढं बडवलं?"

"प्रज्ञानं. आणि मी." मीराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चार दिवस पोटात दाबून ठेवलेलं मग एकदम बाहेर आलं. "ती पोर आधीच सांगत होती, खाली घ्या, खाली घ्या. मीच घेऊ देत नव्हते. तुम्हाला धरून बसले होते. माझ्यापायी उशीर झाला. तुम्ही गेला असता ना, तर मीच घालवलं असतं तुम्हाला."

जनार्दनरावांनी सलाइनचा हात सावकाश सरकवून मीराबाईंच्या हातावर ठेवला.

"आणि पुन्हा अशी वेळ आली तर?"

"तर कुणाची वाट बघणार नाही," मीराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तंगडी धरून ओढीन आणि धाडकन खाली पाडीन तुम्हाला."

ते हसायला लागले आणि कळ येऊन कळवळले. "हसवू नकोस गं, बाई. बरगड्या आहेत."

मीराबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला, या वेळी अगदी हलका. तळहाताखाली ठोके लागत होते. भेटीची वेळ संपली म्हणून नर्स दोनदा सांगून गेली, तरी त्यांनी हात काढला नाही.