शून्य धरलेला धूर

बॉयलरमधून दगडी कोळसा कायमचा गेला त्या दिवशी पौर्णिमा सरकटेने सगळ्या पाळीला पेढे वाटले होते. कल्पना तिचीच होती. वाशिमच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात सोयावडी आणि डाळ-खिचडीची तयार पाकिटं बनत. डाळ शिजवायला आणि वड्या वाळवायला वाफ लागे आणि ती वाफ कोळशावर होई. हवेत जाणारा कार्बन कमी करायचा असं पुण्याच्या मुख्य कार्यालयाने ठरवलं, तेव्हा कारखान्यात इंजिनिअर असलेल्या पौर्णिमानेच सुचवलं की आपल्याकडे तूर झोडून झाली की उरलेल्या वाळक्या काड्यांचे, तुराट्यांचे ढीग बांधावर पेटवून देतात. त्या तुराट्या दळून, दाबून त्यांच्या कांड्या करायच्या आणि बॉयलरला घालायच्या. 'पांढरा कोळसा' म्हणतात त्याला. मानोऱ्याच्या धनसिंग राठोडांचा तसा कारखाना होताच. पुण्याला कल्पना पसंत पडली. पौर्णिमा स्वतः रिठदला, आपल्या गावी जाऊन सांगून आली, "जाळू नका, विका."

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी माघात ती घरी गेली, तर आई लिलाबाई गॅसवर भाकरी करत बसलेली. घरात गॅस होता, पण तो चहापुरता. भाकरी आणि आंघोळीचं पाणी कायम चुलीवर.

"माय, चूल काहून नाई पेटवली?"

"काय घालू चुलीत, माह्ये हात?" लिलाबाईने भाकरी तव्यावर आपटली. "तुराट्या तुह्या कंपनीनं नेल्या."

मग सगळं बाहेर आलं. पंजाबरावांच्या वावरात जी बाई तूर कापायला जाई, तिला मजुरी मिळेच, वर झोडून झाल्यावर तुराट्याही तिच्याच. कोणी कधी विचारत नसे, कोणी कधी देतो म्हणत नसे, तशी रीतच होती. वर्षाचं सरपण त्यातच निघे. यंदा लिलाबाई भारे बांधायला गेली, तर वावर झाडून नेल्यासारखं साफ. धनसिंगचा ट्रॅक्टर आदल्या दिवशीच येऊन गेला होता.

"त्यायनं चोरून नेल्या?"

"चोरून कायले? पंजाबरावनं इकल्या. त्याचं वावर, त्याची तूर. मी कोन बोलनारी?"



सोमवारी ती थेट वैजयंती मॅडमच्या खोलीत शिरली. वैजयंती कुलथे कारखान्याच्या प्रमुख. पुण्याहून आलेल्या, कामाला कडक, पण ऐकून घेणाऱ्या. पौर्णिमाने रिठदची गोष्ट सांगितली आणि मग मुद्द्यावर आली. वाफेचे पाइप जुने आहेत, त्यांच्यावरचं आवरण जागोजाग सुटलंय. वळणावळणावर वाफ फुसफुसते. डाळ शिजवून झाली की वाफेचं जे उकळतं पाणी होतं, ते आपण नालीत सोडतो आणि बॉयलरला पुन्हा गार पाणी पाजतो.

"एवढं दुरुस्त केलं तर पाचवा हिस्सा सरपण वाचेल, मॅडम. मग गावातून सगळंच्या सगळं ओरबाडून आणायची गरज राहणार नाही."

वैजयंतींनी पेन खाली ठेवलं. "कोळसा असता तर मी उद्याच मंजूर करून घेतलं असतं. आता कसं करू? पुण्याचा सगळा पैसा कार्बन कमी करण्यासाठी आहे."

"मग यानं कमी होईलच ना?"

"कशातून? पिकानं हवेतून घेतलेलाच कार्बन परत हवेत जातो, म्हणून तुराटीचा धूर हिशोबात शून्य धरतात. आपला बॉयलर आता शून्यावर आहे, पौर्णिमा. शून्यातून काय वजा करणार?"

बाहेर चिमणीतून करडा धूर नेहमीसारखा वर चढत होता. डोळ्यांना दिसत होता, नाकाला झोंबत होता, आणि म्हणे शून्य!

तरी तिने पिच्छा सोडला नाही. पुण्याच्या साधना मॅडम पर्यावरणाचा विभाग सांभाळत. त्यांना तिने पाइपांचे फोटो पाठवले, फोन केले, एकदा पाऊण तास बोलली. साधना मॅडम गोड बोलल्या. कल्पना उत्तम आहे म्हणाल्या. यंदाची तरतूद मात्र पाकिटांसाठी गेली होती. पाकिटाचं प्लास्टिक पातळ केलं की कार्बन कमी होतो आणि तो हिशोबात दिसतोही. ती पातळ पाकिटं खामगावपर्यंत जाईस्तोवर ट्रकमध्येच फुटू लागली. फुटलेला माल परत येई आणि कारखान्यामागच्या खड्ड्यात जाई. पौर्णिमाने तेही कळवलं. उत्तर आलं, की सुरुवातीला असं होतंच.

बॉयलरवर जानराव असत. एकदा ती फुसफुसणाऱ्या वळणाकडे बघत उभी राहिली, तेव्हा ते म्हणाले, "कायले जीव जाळून राह्यल्या ताई? वरच्यायले वाटलं म्हंजे होते. आपल्याले वाटून काय?"

तिला त्यांचाही राग आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पेढे कशाला वाटले होते आपण?

श्रावणात पावसाची सलग झड लागली. धनसिंगच्या गोदामाचं छप्पर गळलं आणि पांढऱ्या कोळशाच्या कांड्या भिजून भुसा झाल्या. गाडी आली ती अर्धीच, तीही ओली. बॉयलर नुसता धुमसत राहिला, वाफेचा दाब चढेना. भिजवलेली डाळ हौदात तशीच पडून आंबली. वड्यांचा ओला माल वाळवणीत चिकटून बसला. दुपारपर्यंत कारखाना बंद पडला आणि आंबूस वास फाटकापर्यंत आला.

वैजयंतींनी तिला बोलावलं. त्यांचे केस विस्कटलेले होते.

"तुझं ते पाइपांचं काय होतं?"

"जे माघात होतं तेच आहे, मॅडम."

"टोमणे मारू नकोस. आहे त्या सरपणात कारखाना चालेल का, ते सांग."

"पाइप नीट केले आणि गरम पाणी परत घेतलं, तर चालेल."

"मग लाग कामाला. मी दुरुस्तीच्या खर्चात बसवते. कार्बनचं नाव काढू नको."

कामाला महिना लागला. पाइपांना नवं आवरण बसलं, फुसफुस थांबली, नालीत जाणारं पाणी बॉयलरकडे वळलं. कांड्यांच्या गाड्या खरंच कमी झाल्या. कंपनीने वर्षभरात काय काय केलं त्याची रंगीत पुस्तिका दिवाळीत पुण्याहून आली. तिच्यात पातळ पाकिटाचा पानभर फोटो होता. पाइपांचा उल्लेख कुठेच नव्हता. पौर्णिमाने ती पुस्तिका जेवणाच्या टेबलावर टाकली आणि डबा उघडला.

वैजयंतींकडून मात्र तिने एक कबूल करून घेतलं. कापणीला आलेल्या बायांचा वाटा ठेवूनच धनसिंगने तुराट्या घ्याव्यात. धनसिंग फोनवर बिचकला नाही. "मी कोनाच्या हातातून हिसकून आनत नाई, ताई. जो इकते त्याचंच घेतो. शेतकऱ्यानं वाटा ठेवला, त मले कायची हरकत?"

म्हणून तूर कापायला आली तेव्हा पौर्णिमा सकाळीच आई आणि कापणीच्या इतर चार बायांबरोबर पंजाबरावांच्या वावरात गेली. पंजाबराव वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभे होते. तिचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं.

"वाटा कायचा, पोरी? तवा जाळाच्याच होत्या, म्हनून बायायले नेऊ देत होतो. आता त्याले भाव आहे. हे तूच त सांगतलं. याच धुऱ्यावर उभी राहून बोल्ली, काका, जाळू नका, इका. मी तुह्यंच ऐकलं."

खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात. कंपनीला तिने नमवलं होतं, धनसिंगला राजी केलं होतं, आणि इथे तिच्याच शब्दांनी तिची वाट अडवली होती.

लिलाबाई विळा घेऊन पुढे झाली. "पंजाबराव भाऊ, इकाले आमी नाई म्हनत नाई. पन कापाले आमीच लागतो ना? अर्ध्या आमच्या. कबूल असंल त वाकतो, नाईतर चाललो."

मागच्या चारही बाया हलल्या नाहीत. पंजाबरावांनी उभ्या तुरीकडे पाहिलं. शेंगा तडकायला आल्या होत्या.

"अर्ध्या म्हंजे लय होते, लिलाबाई."

"पयले सगळ्याच होत्या."

पंजाबराव हात झटकून म्हणाले, "न्या अर्ध्या. पन धुरा साफ करून जाजा."

बाया ओळीला लागल्या. पौर्णिमा तशीच उभी. ज्या न मागता मिळत होत्या, त्यातल्या निम्म्यांसाठी भांडावं लागलं होतं, आणि आई जिंकल्यासारखी पदर खोचत होती.

"माय, तुले राग नाई येत?"

"येते ना. पन रागानं चूल पेटते का?" लिलाबाई न वळता म्हणाली. "तुही पाळी दुपारची आहे ना? मंग तवरोक हात लाव."

पौर्णिमाने ओढणी कमरेला बांधली आणि एका बाईकडून विळा घेतला. तुरीचं खोड जाड, चिवट. कित्येक वर्षांत तिने कापलं नव्हतं. दुपारी ती कारखान्यात पोचली, तेव्हा तिचे दोन्ही तळवे सोलले होते आणि राग होता तेवढाच होता.