व्याह्यांचं आंबट पाणी

सन २०२३. अधिक श्रावण चालू होता आणि कानिफनाथने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, जावई आणि व्याह्यांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं होतं.

कानिफ नगरपालिकेच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर कामाला. गावच्या गटारांचं पाणी तिथल्या मोठ्या टाकीत येई आणि त्यातले जिवाणू घाण खाऊन ते स्वच्छ करत. कानिफ त्यांना 'माझी जनावरं' म्हणे. जनावरांची भूक मंदावली की त्यालाही घास उतरत नसे.

व्याही राधाकृष्ण यांचा पनीरचा कारखाना. दूध पुणतांब्याकडून येई. पनीर निघाल्यावर उरलेल्या पाण्याचा आंबटपणा मारायचा, मगच ते गटारात सोडायचं, असा नियम. व्याह्यांना तो खर्चिक वाटे.

मी पानावर तूप वाढत होते, तेवढ्यात फोन वाजला. कानिफचा हात पुरणाने भरलेला, म्हणून त्याने स्पीकर लावला. पलीकडे केंद्रावरचा अजीज ओरडत होता, "कानिफभाऊ, लई फेस आलाय! भिंतीवरून रस्त्यावर उतरला. लोक फोटू काढायलेत. आन् वास आंबलेल्या दुधाचा!"

गावात पनीरचा कारखाना एकच.

"आसं कसं झालं?" राधाकृष्ण दचकून म्हणाले. "मी तर मान्सांना सांगितलं हुतं, व्याही आज घरी हायेत, हळूहळू सोडा..."

पुढचं त्यांनी धोंड्याबरोबर गिळलं.

"दादा," हर्षल, आमचा जावई, वडिलांना म्हणाला, "जेवताना बोलत जाऊ नका."

कानिफने हात धुतले, टोपी घातली.

"कुठं निघालात?" व्याह्यांनी विचारलं.

"तुमच्या गटाराचं तोंड बंद करायला."

"आवं, तुमची पोर माझ्या घरात नांदती! जरा इचार करा."

कानिफ उंबऱ्यातच थबकला. सगळे त्याच्या लेकीकडे, मोनिकाकडे पाहू लागले. ती कुरडया वाढत होती.

"आप्पा, जनावरं मरत्याल. जावा तुमी," ती म्हणाली आणि सासऱ्यांकडे वळली. "मामा, आनखी एक धोंडा?"

"वाढ," ते म्हणाले.

कारखान्याचं गटार बंद झालं. त्या दिवाळीला मोनिकाला माहेरी पाठवलं नाही. कानिफने तिच्यासाठी आणलेली साडी मला दिली. भडक होती, मी नेसले.

पुढे राधाकृष्णांनी पाणी शुद्ध करायची टाकी बांधली. आता पाहुण्यांना ती अशी दाखवतात, जणू कल्पना त्यांचीच. कारखाना हर्षल बघतो. कानिफच्या जागेवर अजीज आहे. मोनिकाला मुलगी झाली, संस्कृती. कानिफ निवृत्त झाला, तेव्हा राधाकृष्ण स्वतः घरी आले आणि त्याला आपल्या टाकीवर घेऊन गेले. म्हणाले, "दुसरा कुनी ठेवला, तर माझं ऐकंल."

लेकीच्या सासरचं पाणी बापाने पिऊ नये, अशी रीत. नात झाल्यावर चालतं, असं मी सांगून पाहिलं. तो ऐकत नाही, बाटली घरून नेतो. दुपारी मोनिका येते, टाकीच्या कठड्यावर त्याच्याशेजारी बसते आणि त्याच्या बाटलीतलं पाणी पिते.