राखणदाराचा मान

सकाळपासून सुविधाचा जीव थाऱ्यावर नव्हता. द्राक्षांच्या मळ्यात जाई, घड चाचपून बघी, परत शेडमध्ये येई आणि धुतलेले ग्लास पुन्हा धुई. त्या दिवशी मेला वारासुद्धा सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, एका जागी बसायला तयार नव्हता. वेलींवरच्या जाळ्या फडफडत होत्या आणि दर फडफडीला तिला वाटे, आली वाटतं गाडी.

गाडी यायची होती सर्वेशची. माणूस डिचोलीचा, हॉटेल केरीला, समुद्राच्या काठी. सुविधाच्या नवऱ्यानेच, प्रज्योतने, त्याला इब्रामपूरच्या वरच्या ह्या सड्यावर आणला होता, आणि हवा स्वच्छ असली की इथून लांबवर समुद्राची रेघ दिसते ती बघून तो वेडाच झाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. वेली उपटायच्या, कडेकडेने कॉटेज बांधायची, भागीदारीत. प्रज्योत तुयेच्या कारखान्यात मशीनपुढे उभा राहून विटलेला. त्याला ते एका घोटात पटलं. पण जमीन त्याच्या बापाची, गुरुदासची. आणि गुरुदास आठवडाभर एकच शब्द बोलत होता, "बघूया." आज त्याने हो की नाही ते सांगायचं ठरलं होतं.

सुविधा नाशिकला वाइन करायला शिकली, लग्न होऊन इथे आली, आणि ह्या जांभ्या दगडावर तिने द्राक्षं लावली तेव्हा अख्खा गाव हसला. "पावसात कुजतली गो बाय!" आणि कुजलीच की! दुसऱ्या वर्षी गव्यांनी तुडवली. मग तिने पावसाळ्यासाठी वेलींवर प्लास्टिकचं छप्पर घातलं, कुंपण केलं, आणि खाली रस्त्याला फलक लावला, 'डोंगरमाथ्यावरची वाइनरी'. उंच म्हणजे तरी काय, खाली देवळातली घंटा वाजली तर वर ऐकू येते. पण पर्यटक धापा टाकत येत, घडांबरोबर फोटो काढत, वाइन हुंगत आणि शेवटी हळूच विचारत, "फेणी नाही का हो?" सुविधाच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

गेल्या वर्षी मात्र एक पिंप असं जमून आलं की तिचा तिलाच विश्वास बसेना. बाटल्या संपल्या. एक तेवढी तिने गोणपाटात गुंडाळून कपाटात जपली होती, आजच्यासाठी. कारण सर्वेश म्हणाला होता, "वहिनी, वाइन खरंच चांगली असली तर वेली राहू देत. मी हॉटेलात तीच पाजीन." म्हणजे सगळं त्या एका बाटलीवर टांगलेलं.

सासऱ्यावर तिचा एक जुना राग होता. सड्याच्या टोकाला जांभळाखाली राखणदाराचा, जागेची राखण करणाऱ्या देवाचा, दगड आहे. काढणीआधी त्याला मान द्यायचा, तांदळाचा रोट, विडी आणि दारू. घरात वाइनची पिंपं भरलेली, आणि हा बाबा राखणदारासाठी खालून फेणीची बाटली आणतो! एकदा तिने विचारलंच, "बाबा, आमची वाइन त्याला बाधते काय?"

"बाधत नाय गो. पण एकदा घातली की दरवर्सा घालूक व्हयी. तुझे वेल आज आसत, उद्या नसत. माका खंड पाडूचो नाय."

हे मात्र खरं. प्रज्योतच्या आजोबांनी कधीतरी खुशीत येऊन रोटाशेजारी पोदेराचा उंडा, बेकरीतला गोल पाव, ठेवला होता. झालं! तेव्हापासून उंडा लागतोच. लॉकडाऊनमध्ये जवळच्या बेकऱ्या बंद, तर हाच प्रज्योत, मोठा कारखान्यातला शिकलेला, एका उंड्यासाठी पोलिसांचे दंडुके चुकवत तुयेपर्यंत जाऊन आला. पण आपल्या हातची वाइन त्या दगडापुढे ठेवण्याइतकीही भरवशाची नाही, हे सुविधाला लागलं ते लागलंच.

अखेर गाडी आली. सुविधाने साडीला हात पुसले आणि कपाट उघडलं. गोणपाट होतं. बाटली नव्हती.

"अरे, बाटली खंय गेली?" तिने प्रज्योतला कोपऱ्यात गाठलं.

"मी कशाला हात लावू? आईशप्पथ नाही!"

तिने फळ्या उपसल्या, पेट्या पालथ्या घातल्या. बाहेर सर्वेश खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होता. शेवटी तिने टाकीतली कच्ची वाइन ग्लासात ओतली. सर्वेशने घोट घेतला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला.

"छान आहे," तो म्हणाला. "म्हणजे, होईल छान."

"ही ती नाही हो! ती वेगळी होती, तुम्ही ती चाखली असतीत तर..."

"असू दे वहिनी," तो उठलाच. वेलींच्या रांगेत शिरून तो ढांगा टाकून जागा मोजायला लागला. इथे एक कॉटेज, तिथे दुसरं. प्रज्योत मागोमाग मान हलवत होता. सुविधाला वाटलं, ह्या दोघांना आत्ताच्या आत्ता कुंपणाबाहेर हाकलावं. रडूही येत होतं, पण परक्यासमोर रडायची ती बाई नव्हे.

"बाबा कुठे आहेत? त्यांचा शब्द झाला की झालं," सर्वेश म्हणाला.

बाबा जांभळाखाली होता. तिघं तिकडे गेली. गुरुदास डोक्याला पंचा गुंडाळून दगडापुढे उभा होता. पानावर रोट, उंडा, विडी. आणि दगड काळपट लाल, ओला. शेजारी सुविधाची बाटली आडवी पडलेली, रिकामी.

तिच्या तोंडून शब्द फुटणार एवढ्यात गुरुदासने देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. तिने ओठ गच्च मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझो मान ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रज्योतने हात जोडले. सर्वेशनेही चपला काढल्या. डिचोलीचा माणूस, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड गप्प राहतं थोडंच?

"पोराबाळांक, गोरवांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पावण्याची गाडी सुखरूप घराक पावय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सर्वेशचा आवाज सगळ्यात मोठा.

"आणि ह्या वेलींचो जो रस आज तुका दिलंय, तोच रस, ह्याच वेलींचो, दरवर्सा तुका पावतलो. खंड पडाचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघंही एका सुरात म्हणाले.

प्रज्योतचे जोडलेले हात तसेच राहिले. "मेलो," तो पुटपुटला. सर्वेशने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा वेलींकडे.

"राखणदारापुढे मी पण व्हय म्हटलं की हो," तो म्हणाला, आणि चपला हातात घेऊन गाडीकडे निघाला.

सुविधाचा बांध फुटला. "बाबा, माझी एकच बाटली होती ती! एकच!"

"म्हणान तर घातलंय," गुरुदास म्हणाला. "राखणदाराक काय उरलीसुरली घालतत? काल रात्री बोटभर चाखलंय. सगळ्या फेणयेक मागे टाकल्यान गो तुझ्या वायनान."

डोळ्यांतलं पाणी आता घळाघळा वाहत होतं आणि ते रागाचं की कशाचं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"सगळे व्हय म्हणाले. तूच गप," गुरुदास पंचा सोडत म्हणाला. "आणि दरवर्सा करूचा तुका आसा."

तिने पदराने तोंड पुसलं, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा."