एका रात्रीत एक सेंटीमीटर

सभागृहात दीडशे पोरं सतरंज्यांवर ओळीनं आडवी पडली होती. उजाडलं होतं, पण कुणी उठायचं नाही, बसायचंही नाही, असा उंचीगुरूंचा दंडक. नंबर पुकारला की उठून थेट भिंतीपाशी जायचं.

"नंबर चौतीस. काल संध्याकाळी एकशे बेचाळीस, आज एकशे त्रेचाळीस," शिष्यानं जाहीर केलं आणि कडेला बसलेल्या आईबापांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नंबर चौतीस आनंदानं रडायलाच लागली. पंधरा वर्षांच्या या मुलीला वर्गात सगळे बटण म्हणत. एका रात्रीत एक सेंटीमीटर, म्हणजे वर्षभरात ती छताला टेकणार होती. मनातल्या मनात तिनं गुणाकार करूनही पाहिला.

"जमीन माणसाला खाली खेचते, आमचं चूर्ण वर ढकलतं," गुरू म्हणाले. त्यांची स्वतःची उंची बेताचीच होती. ती त्यांनी भक्तांना वाटून टाकली, असं शिष्य सांगत. "मात्र अन्नाचं ओझं मणक्यावर बसतं. दिवसातून एकदाच खा, तेही वाटीभर. आणि घरी मोजत बसू नका, नजर लागते."

बटणनं हे तंतोतंत पाळलं. अकराव्या दिवशी आत्याच्या शिवणाच्या दुकानात काजं करता करता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मशीनवरच कलंडली.

आत्यानं पाणी पाजलं, स्कर्टचा पट्टा चिमटीत धरून पाहिला. "कंबर दोन इंच गेली. उंची कुठं वाढली?"

"शिबिरात दिलेल्या कार्डावर लिहिलंय ना, एकशे त्रेचाळीस."

दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर आत्या कधीच कात्री चालवत नसे. संध्याकाळी तिनं पोरीला दाराच्या चौकटीला उभं केलं. एकशे बेचाळीस. मग टेप तिच्या हाती देऊन स्वतः उभी राहिली. एकशे त्रेपन्न. पोरीला मुक्कामाला ठेवून घेतलं आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा मोजलं. एकशे त्रेचाळीस.

"बघ, चूर्णच."

"आता माझं घे."

आत्या एकशे चौपन्न भरली.

"मी बावन्न वर्षांची. चूर्णाला हात लावला नाही, काल दोन्ही वेळा पोटभर जेवले. मी का गं वाढले?"

बटणनं टेप तीनदा लावून पाहिली. तिला फार वाईट वाटलं; अकरा दिवसांची उपासमार फुकट गेली होती. उलगडा केला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. मणक्यांमधल्या मऊ चकत्या दिवसभर उठण्याबसण्यानं दबतात, रात्री आडवं पडलं की पाणी धरून फुगतात. सकाळी सगळेच थोडे उंच असतात, आणि उठल्यावर ही वाढ लवकरच ओसरू लागते, म्हणून तर शिबिरात बसायलाही बंदी. उपाशी राहिलं तर खरी वाढ मात्र खुंटते, असंही त्या म्हणाल्या.

पुढच्या शिबिराच्या संध्याकाळी बटण सगळ्यांसमोर भिंतीला टेकून उभी राहिली. "माझं आत्ता मोजा."

एकशे बेचाळीस.

"शंका घेतलीस, म्हणून वाढ परत गेली," गुरू मायेनं म्हणाले.

"मग माझी आत्या चूर्ण न घेताच सकाळी एक सेंटीमीटर वाढते, तिची संध्याकाळी कशी परत जाते? तिचा तर तुमच्यावर कधी विश्वासच नव्हता."

मागे कुणीतरी हसलं, मग बरेच जण. गुरूंनी तातडीनं डोळे मिटून ध्यान लावलं. बटण नव्या पोरांकडे वळली.

"मी एवढीच आहे. मला आवडत नाही, पण आहे. तुम्ही आईला भिंतीशी उभं करा, संध्याकाळी आणि सकाळी, आणि स्वतः मोजा. मोजू नका म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि आता घरी जाऊन जेवा."