पाळी परत आली म्हणून टाळ्या

मोटरवाल्याने डबी खिशात कोंबली आणि दुकानाचं शटर असं खाली आदळलं की शेजारचा चावीवाला म्हणाला, "अहो, शटर आहे ते, वैरी नव्हे."

मोटरवाला हसला नाही. बायको गेल्यापासून त्याला हसू असं आलंच नव्हतं, आणि आज तर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

जळालेल्या मोटरींची तार काढून नवी भरायची, हा त्याचा धंदा. बायको पुढे बसून गिऱ्हाइकं सांभाळायची. पाळी थांबली तशी तिच्या अंगात अचानक भट्टी पेटायला लागली. बोलता बोलता चेहरा लाल व्हायचा, मान घामाने भिजायची, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्याने एका भंगारातल्या मोटरीवर तिच्यासाठी छोटा पंखा बांधला. "मेला कर्कश आहे," ती म्हणायची, "पण तुमच्यापेक्षा कमी बडबडतो." आणि पंखा तोंडासमोर ओढून घ्यायची.

मग तिच्या धाकट्या बहिणीने डबी आणली. सगळं घर हिला धाकटीच म्हणायचं. डबीवर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं, 'नैसर्गिक हार्मोन'.

"डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे रसायन, ताई. हे कंदातून काढलेलं मलम. निसर्गाचं कधी कुणाला बाधतं का?"

बायको ते मनगटाला चोळायला लागली. भट्टी जरा शांत झाली. पण पुढे, पाळी जाऊन वर्षं झालेली असताना, तिला रक्त दिसलं. ती घाबरून धाकटीकडे गेली. धाकटीने तिला आपल्या मलम विकायच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं केलं. पाळी परत आली, शरीर तरुण होतंय, म्हणून बायकांनी टाळ्या वाजवल्या. वर एक डबी फुकट. त्या दिवशी बायको घरी आली ती लाजत, हसत. हीच ती डबी. आज शिवणाच्या खणात सापडली, निम्मी उरलेली.

तरुणपण कसलं! गर्भाशयाचा कॅन्सर होता तो. कळलं तेव्हा फार पसरला होता.

डबी घेऊन तो आधी डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "यात काय आहे, किती आहे, काहीच लिहिलेलं नाही. यानेच झालं असं मी सांगू शकत नाही. हार्मोन मीसुद्धा देते, त्यातलीही काही वनस्पतींपासूनच बनवतात. पण आधी तपासते, मोजून देते आणि लक्ष ठेवते. गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेन हे एकच हार्मोन नुसतं देत राहिलं तर आतलं अस्तर वाढत जातं, त्यातून कॅन्सरही होऊ शकतो." मग त्या थांबल्या. "पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं की ते तपासायचंच. त्या लगेच आल्या असत्या, तर बरंच काही करता आलं असतं."

*लगेच.* हा एकच शब्द घेऊन तो धाकटीच्या दारात उभा राहिला.

आत बैठक चालली होती. खुर्च्यांवर पाचसहा बायका, टेबलावर डब्यांची उतरंड, मधोमध धाकटी.

"या ना भाऊजी. पण आत्ता जरा बायकांचं चाललंय..."

"बायकांचंच बोलायला आलोय." त्याने डबी टेबलावर आपटली. उतरंड कोसळली, डब्या गडगडत खुर्च्यांखाली गेल्या. "ही तुझ्या ताईची. उरलीय निम्मी. विक परत."

"हळू बोला, चार लोक बसलेत."

"चार लोकांत टाळ्या वाजवल्यास तेव्हा हळू वाजवल्यास का? अगं, मोटरीतून धूर निघाला तर माणूस आधी बटण बंद करतो. तू आरती ओवाळलीस!"

धाकटीचा चेहरा पडला. पण तीही काही कमी नव्हती. "माझी सख्खी बहीण होती ती! मी काय मुद्दाम केलं? अहो, विष असतं तर मी स्वतः लावलं असतं का? मला बघा. तीन वर्षांनी परत पाळी सुरू झालीय. दोन महिने झाले, ठणठणीत आहे!"

मागच्या खुर्चीवरच्या एका बाईने सवयीने टाळी वाजवली. दुसरीने साथ दिली.

"बंद करा!" मोटरवाला असा ओरडला की टाळ्या हवेतच राहिल्या.

त्याने धाकटीकडे पाहिलं. अगदी तसाच चेहरा होता, त्या दिवशी लाजत घरी आलेल्या तिच्या बहिणीसारखा. वाटेत जुळवलेल्या सगळ्या शिव्या तोंडाशी होत्या. त्या त्याने गिळल्या.

"चप्पल घाल."

"कुठे?"

"डॉक्टरीणबाईंकडे."

"भाऊजी, मला काही झालेलं नाही. तुम्ही रागाच्या भरात..."

"आहेच मी रागात. तुला नाही नाही ते बोलायचं होतं आज. पण तूही गेलीस तर मी भांडायचं कुणाशी, भिंतीशी? चल म्हणतो ना!"

ती खाली वाकली. तिला चप्पल सापडेना, कारण डोळे भरले होते. त्याने पायाने तिच्यासमोर सरकवली. दारातून तो वळला आणि बायकांना म्हणाला, "तुमच्यापैकी कुणाला अशी पाळी परत आली असेल, तिने मागोमाग यावं. टाळ्यांची वाट बघू नये."

पर्स छातीशी धरून एक बाई उठली.

दवाखान्यातल्या बाकावर धाकटी त्याच्या शेजारी बसली होती. बोटांनी पदराची गाठ मारत होती, सोडत होती. आतून तिला हाक आली. ती उठली आणि तिथेच थांबली.

"भाऊजी, मला माफ केलंत का?"

"नाही," तो म्हणाला. "आत जा. आणि रक्ताचं आधी सांग, मलमाचं मग. मी इथेच बसलोय."